दोन घरांचे जंत

माझ्या सासूबाई नातेवाइकांना सांगतात, सून रक्त तपासते. हे अर्धंच खरं आहे. स्वारगेटजवळच्या ज्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काम करते, तिथे रक्त तपासायला मोठं यंत्र आहे. त्यात नळ्या लावायच्या आणि बाजूला व्हायचं. माझ्या वाट्याला आलंय ते कोपऱ्यातलं टेबल, एक जुना पण उत्तम मायक्रोस्कोप आणि झाकणाच्या छोट्या डब्या. डब्यांत काय असतं ते जेवताना सांगू नये. नव्या मुली त्या टेबलाकडे फिरकत नाहीत, आणि मलाही ते कोणाला द्यायचं नाही. यंत्र नुसते आकडे देतं. माझ्या टेबलावर गुन्हेगार समोर दिसतो.

इतक्या वर्षांत एक सवय लागली. मायक्रोस्कोपखाली नमुन्याची काच बघून झाली की मी मनाशी पत्ता ओळखते आणि मग कागदावर ताडून बघते. अंकुशकृमीची अंडी दिसली की माणूस बहुधा शेतात राबणारा, अनवाणी चालणारा, शहराच्या कडेच्या गावातला. ही कृमी ओल्या मातीत वाढते, तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. ज्यांना सगळे नुसतं जंत म्हणतात त्या लांबड्या गोलकृमी जास्त करून दाटीच्या वस्तीतून येतात, जिथे पाण्याची आणि संडासाची बोंब असते. आणि तिसरी सूतकृमी, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढी. तिला मातीशी देणंघेणं नाही. तिला चादर लागते, उशी लागते, मुलांची नखं लागतात, शाळेचा बाक लागतो. चांगल्या घरातल्या चांगल्या गादीवर ती सुखाने नांदते. माझा अंदाज चुकतो कधीकधी, पण बाकीच्यांना वाटतं तितका नाही.

माहेर माझं वाघोलीचं आणि सासर नारायण पेठेतलं. बसने तास-दीड तासाचं अंतर, मनांचं बरंच जास्त. माहेरी चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, भाजीच्या जमिनीचा शेवटचा तुकडा विकलेला नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, कडेला थोडी वांगी. दर रविवारी मी माझ्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन तिथे जायचे. दादांनी, म्हणजे तिच्या आबांनी, तिला मेथीची एक ओळ वेगळी काढून दिली होती. ती तिनेच पेरायची, तिनेच पाणी घालायचं, तिनेच उपटायची. दुसऱ्या कोणी हात लावला तर दादा ओरडायचे.

सासूबाईंची त्याबद्दल एकच अट होती, मुलीच्या पायातले बूट काढायचे नाहीत. दादांना ते लागायचं. आमच्याकडे बांधावर वहाण काढून मगच शेतात पाय ठेवतात. दादांच्या वडिलांनी तेच केलं, दादा तेच करतात. नात मात्र परक्या पाहुणीसारखी बूट घालून वाफ्यात उभी. मला ते कळायचं, आणि मी मनातल्या मनात सासूबाईंच्या नावाने बोटं मोडायचे.

माझा दुसरा राग खुर्चीवर होता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादा वर्षातून तीन-चारदा भाजीची पिशवी घेऊन येत. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी जिन्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची आणून ठेवली. आलेल्या माणसाने तिथे जरा टेकावं आणि मग वर यावं, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे येणाऱ्यांत टेकण्यासारखं दुसरं कोण होतं? मी त्याचा अर्थ सरळ लावला. शेतातून आलेल्या माणसाने आधी खाली धूळ झटकावी. मी ते बोलून दाखवलं नाही, पण त्या खुर्चीजवळून जाताना दर वेळी माझं डोकं फिरायचं.

अशात लेकीला खाज सुरू झाली. ती आजीजवळ झोपते, त्यामुळे बातमी सकाळी चहाबरोबर सासूबाईंनीच दिली. मुलगी झोपेत दात खाते, मागे खाजवते, धड झोपत नाही. निदानही त्यांनीच केलं.

"वाघोलीच्या मातीतून आलंय. बरं होईपर्यंत रविवारचं जाणं बंद."

सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी एकदा लाल शाईने खूण केली की ती पुसत नाही. माझ्या नवऱ्याने मान हलवली, पण ती कोणाच्या बाजूने ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी दादांना फोन करून मुलीची परीक्षा आहे असं सांगितलं. दुसरीतल्या मुलीची कसली परीक्षा, हे त्यांनी विचारलं नाही. मेथी उपटायला आली आहे, नाही आली तर फुलावर जाईल, एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं नाही, आणि त्या दिवशी मी ठरवलं की हे मी सिद्ध करून दाखवणार.

आधी मी घाई केली. मुलीची डबी नेली, काच लावली, दोनदा बघितली. अंकुशकृमी नाही, गोलकृमी नाही, काहीच नाही. संध्याकाळी मी विजयी मुद्रेने घरी सांगितलं की मातीतलं काही तिच्या पोटात नाही. सासूबाईंनी भाजी निवडत विचारलं, मग खाज कसली? तुमचा तो मायक्रोस्कोप वेळेवर साफ करता ना? उत्तर माझ्याजवळ होतं, फक्त ते मला रागात आठवलं नव्हतं. सूतकृमी डबीत सापडत नाही. तिची मादी मूल झोपल्यावर बाहेर येते आणि कातडीवर अंडी घालून जाते. सकाळी उठल्या उठल्या सेलोटेपची पट्टी तिथे लावायची, काढायची आणि काचेवर चिकटवायची. हे मी रोज परक्या बायांना समजावून सांगते.

मग मी तीन दिवस सकाळी पट्टी लावली. सासूबाई मुलीला उठवून माझ्या ताब्यात द्यायच्या, मी पट्टी घेऊन पाकिटात घालायचे. पहिल्या दिवशी काच कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी, नुसता थोडा कचरा. तिसऱ्या दिवशी मी त्या कचऱ्याकडे नीट बघितलं. चकचकीत, वेड्यावाकड्या, कडा तुटलेल्या कपच्या होत्या. काचेभर पसरलेल्या. मी मागच्या दोन्ही काचा काढून बघितल्या, तर तिथेही त्याच. बारा वर्षांत मी कपच्यांची ती जात शंभरदा बघितली होती. ती टाल्कम पावडर होती.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, सकाळी मी पट्टी लावायच्या आधी तिला पावडर कोणी लावली?"

"मी. साबणाने धुतलं, पुसलं, पावडर लावली." त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "पारोशी मुलगी तपासणीला द्यायची? लॅबमधली माणसं काय म्हणतील?"

"लॅबमध्ये मीच आहे."

"तेच. तू तरी काय म्हणशील."

मी स्वयंपाकघरात जाऊन आधी रागावले आणि मग पोट धरून हसले. तीन दिवस मी ज्या पुराव्याची वाट बघत होते तो साडेपाचलाच कोमट पाण्याने धुतला जात होता, तोही माझी लाज राखायला. बाहेर येऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की न धुता पाठव, असं आधी सांगायला काय झालं होतं? हे मात्र बरोबर होतं. परक्या बायांना मी ते वाक्य न चुकता सांगते. घरी सांगायची गरज असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनीच मला उठवलं. मुलीचा हात धरून उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळ्यांत चिपडं, आणि सासूबाईंचा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा.

"पारोशीच आहे," त्या म्हणाल्या. "बघ."

सूतकृमीचं अंडं करंजीसारखं दिसतं. एक बाजू चपटी, एक फुगलेली. मी काच सरकवली आणि एक करंजी दिसली, मग तिच्याशेजारी दुसरी, मग एका रांगेत पाच-सहा. मी टेबलावर हात आपटला. आमच्या डॉक्टर मॅडम आतून विचारत आल्या, काय झालं? माझ्या मुलीला सूतकृमी आहे, मी सांगितलं, आणि मी हसत होते. मॅडमनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. स्वतःच्या पोटच्या पोरीला जंत झाल्याचा एवढा आनंद कोणत्या आईला झाला असेल, मला माहीत नाही. मला झाला, आणि खोटं कशाला सांगू, अजून आठवलं की होतो.

बसमध्ये मी भाषण तयार केलं आणि घरी पोचल्यावर चप्पल न काढता दारातच केलं. ही कृमी मातीची नाही. हिने वाघोली बघितलेली नाही. ही पलंगावर राहते, गादीवर राहते, बाकावर राहते. एकाला झाली की घरातल्या बाकीच्यांनाही बहुधा होते, विशेषतः जो शेजारी झोपतो त्याला. इथे मी थांबले.

"म्हणजे मला?" सासूबाईंनी विचारलं.

तपासल्याशिवाय सांगता येत नाही, असं मी अगदी लॅबमधल्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जेवणाच्या डब्यावर एक बंद पाकीट होतं. आत काच, तिच्यावर नीट, एकही सुरकुती न पडलेली पट्टी, आणि शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात 'ज्येष्ठ स्त्री, नारायण पेठ'. नाव घातलेलं नव्हतं. मी काच लावली. करंज्याच करंज्या. संध्याकाळी त्यांनी नजरेनेच विचारलं आणि मी एका शब्दात सांगितलं, "भरपूर."

त्या ओशाळल्या नाहीत. गोळी कोणती आणि कधी, एवढंच त्यांनी विचारलं. मॅडमच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घेतली, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतली. मधल्या काळात सासूबाईंनी चादरी उकळल्या, उशांचे अभ्रे उकळले, माझ्या नवऱ्याची नखं स्वतः उभं राहून कापून घेतली. आठवड्यात खाज थांबली. रविवार आला तेव्हा मी पिशवी भरत होते, तर त्या इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. मीही येते, म्हणाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यांनी आमचं शेत एकदाही बघितलेलं नव्हतं.

मेथी फुलावर गेली होती. बाकी वाफे काढून झालेले, आणि मधोमध लेकीची एक ओळ गुडघाभर उंच, पांढरट फुलांची, तशीच उभी. दादांनी तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. लेक बूट घालून त्या ओळीत शिरली. मी बांधावरून दादांना मोठ्याने सगळी हकिकत सांगितली, अर्थात सासूबाईंच्या काचेची गोष्ट सोडून. तुमच्या मातीत काही दोष नाही, मी पुन्हापुन्हा म्हणत होते. दादा हसत होते. मग ते कोथिंबिरीची पाटी उचलून विहिरीकडे निघाले आणि दहा-बारा पावलांवर पाटी ठेवून खाली बसले. वय झालं, असं मी सासूबाईंना म्हणाले. माझा भाऊ तेच म्हणायचा, दादाही तेच म्हणायचे.

सासूबाई साडीचा काठ सावरत त्यांच्याजवळ गेल्या आणि वर बघायला सांगितलं. मग वर्गातल्या मुलाची बघावी तशी अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून बघितली. दादा इतके चकित झाले की त्यांनी बघू दिलं.

"पांढरी आहे, अंगात रक्त नाही," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "दोन वर्षं मी बघते आहे, हे जिन्यात थांबतात. म्हणून तर खुर्ची ठेवली. बारा वर्षं तुझ्याकडे मायक्रोस्कोप आहे. यांची काच कधी लावलीस?"

 शेजारच्या अनवाणी शेतकऱ्यांच्या काचांवरून मी पत्ते ओळखत होते आणि माझ्या अनवाणी बापाची एकही काच मी लावली नव्हती. मला माझं माहेर स्वच्छ हवं होतं. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. आणि ती खुर्ची. दोन वर्षं मी तिच्यावर रागावत होते, आणि ती माझ्या बापाच्या दमासाठी होती. मला तिथल्या तिथे रडू आलं. सासूबाईंनी पदराला हात पुसला आणि डबी आणली आहेस का, ते विचारलं.

दादांच्या काचेवर अंकुशकृमीची अंडी होती, पातळ कवचाची, लांबट, बघताक्षणी ओळखू येणारी. यंत्राने हिमोग्लोबिनचा जो आकडा दिला तो इतका कमी होता की मॅडमनी पुन्हा तपासायला लावला आणि तोच आला. या माणसाने पाट्या उचलल्या कशा, असं त्या म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या, लोहाच्या मोठ्या बाटल्या आल्या. पण मॅडमनी बजावलं होतं की पाय उघडे राहिले तर हे सगळं पुन्हा होईल. शेताच्या कडेला मोठं बांधकाम चालू होतं आणि तिथल्या कामगारांसाठी बिल्डरने संडास बांधले नव्हते. ती माणसं जाणार कुठे? पहाटे दादांच्या बांधाआड जायची. माती ओली, वर रोज पाणी. कृमीला आणखी काय हवं?

मी बुटांचं नाव काढलं आणि दादांनी हात वर केला. "गोळी खाईन म्हनशील तितकी. पर वहाण घालून वाफ्यात न्हाई जायचा. माझ्या बापानं न्हाई घातली." पुढे बोलायची सोय नव्हती. भाऊ बोलला, मी बोलले, लेक बोलली. दादा प्रेमाने ऐकायचे आणि अनवाणी जायचे.

दोन रविवारांनी सासूबाई पुन्हा आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे गमबूट होते, रविवार पेठेतून आणलेले. माप कुठून मिळालं ते मी विचारलं नाही, दादांच्या चपला आमच्या दाराशी त्यांनी बघितलेल्या होत्याच. त्यांनी ते बूट बांधावर ठेवले आणि दादांसमोर उभ्या राहिल्या.

"मलाही जंत झाले होते," त्या म्हणाल्या.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. "तुमास्नी, बाई?"

"मला. भरपूर." तो शब्द त्यांनी माझाच वापरला. "आमच्याकडे पारोशी मुलगी कोणापुढे नेत नाहीत. मी नेली, म्हणून ती बरी झाली. आता तुम्ही बूट घाला."

नारायण पेठेतली ही बाई, जी सुनेच्या नोकरीबद्दलही अर्धंच सांगते, ती व्याह्यांच्या बांधावर उभी राहून आपल्या पोटातले जंत उघड सांगत होती. दादांनी बूट उलटेसुलटे करून बघितले आणि पुन्हा बांधावर ठेवले. मग खाली वाकले, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि बसून बूट चढवले. वाफ्यात पहिलं पाऊल टाकताना ते अवघडले. दुसऱ्या पावलाला लेक पुढे धावली आणि आता आबांचेपण बूट आहेत, असं तिने सगळ्या शेताला ऐकवलं.

ताकद हळूहळू आली, पण आली. आधी पाटी विहिरीपर्यंत गेली, मग रस्त्यापर्यंत. महिन्या-दीड महिन्याने ते गमबूट घालूनच बांधकामाच्या ऑफिसात गेले, भावाला आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांना घेऊन. तिथे काय बोलले ते भावाने मला फोनवर हसत सांगितलं, इथे लिहिण्यासारखं नाही. तीन आठवड्यांत पत्र्याचे संडास उभे राहिले, पाण्याच्या टाकीसकट. कामगारांच्या बायका दादांना दिसल्या की हात जोडतात. भावाची, वहिनीची, शेजाऱ्यांची, सगळ्यांच्या काचा मी लावल्या. ज्यांच्या काचांवर अंडी निघाली त्यांना गोळ्या मिळाल्या.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी खालून हाक आली. दादा होते, मेथीच्या जुड्या घेऊन, लेकीच्या नव्या ओळीतल्या. मी ओट्याशी होते. सासूबाई दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि मला हाताने गप्प राहायला सांगितलं. पहिला मजला झाला. पावलं जिन्याच्या वळणावर आली, जिथे ती नेहमी थांबतात, आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो. ती थांबली नाहीत. दादा तसेच वर आले, पिशवी ठेवली आणि एका श्वासात भावाच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागले.

सासूबाईंनी त्यांना हातपाय धुवायला मोरी दाखवली. मग माझ्याकडे वळल्या.

"ती खुर्ची आत आण," त्या म्हणाल्या. "जिन्यात अडचण होते."

मी खाली जाऊन खुर्ची उचलली. जड होती, सागवानी. एवढी जड खुर्ची त्यांनी त्या वयात एकटीने तिथवर कशी नेली असेल, याचा विचार करत मी ती वर आणली आणि दादांसाठी जेवणाच्या टेबलाशी ठेवली.